खाटेच्या उंचीची खिडकी

गोंडपिपरीतलं आमचं घर ज्यांनी आखलं, त्यांचं नाव कागदावर आहे; पण सगळ्यांच्या तोंडी ते 'नेपथ्यवाले भाऊ'च. आधी झाडीपट्टीच्या नाटकांचे सेट उभारायचे, मग शिकून आर्किटेक्ट झाले.

मी नकाशा मागितला, तर त्यांनी रिकाम्या प्लॉटवर चुन्याच्या फक्कीनं खोल्या आखल्या आणि पांढऱ्या शर्टासकट आईच्या खोलीत मातीतच आडवे झाले. आई तेव्हा कंबर मोडून अंथरुणाला खिळलेली.

"माईची खाट इथीच ना? मंग मले रस्ता काऊन दिसून नाई राह्यला? खिडकी खाली घ्या, पार खाटेवरी."

मी चिडलो. "भाऊ, सगळा धुरळा घरात येईल. येणारा-जाणारा वाकून पाहील!"

ते उठले. शर्ट न झटकताच म्हणाले, "मास्तर, मंडपात सेट लावला का मी पयले सगळ्यात मांगं, जमिनीवर बसून पाहत होतो. पुढच्या खुर्चीवाल्याले तं कसंई दिसते."

खिडकी खाटेच्या उंचीलाच बसली.

धुरळा आलाच. पण पुढची दोन वर्षं आई त्या खिडकीतून अख्ख्या रस्त्याची चौकशी करत होती. "काऊन रे, चप्पल कुठी गेली तुही?" शाळेतली पोरं थांबून उत्तर द्यायची.

आता आई नाही. खाटही काढली. धुरळा पुसताना मी रोज नेपथ्यवाल्या भाऊंना मनातल्या मनात हात जोडतो.

आणि भाजीवाली बाई जाताना त्या खिडकीशी सवयीनं अजून वाकते.