दर्शनाचा उजवा हात

माझ्या बायकोला माझं सगळं ठाऊक आहे. लग्नाआधी तिच्या वडिलांना मी दहावी पास असल्याचं खोटंच सांगितलं होतं, तेसुद्धा. ही एक गोष्ट मात्र तिलाही ठाऊक नाही. कुणालाच नाही. नऊ वर्षं झाली, तोंडातून चकार शब्द निघालेला नाही. आज तुमच्यापाशी बोलतोय. तुमच्यापाशीच का? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. दुसरं काही बरं कारण मला सापडत नाही.

जुईनगरला माझं मोटारसायकलचं गॅरेज आहे. आम्ही इथलेच, खाडीकाठच्या गावातले. शेतं गेली, सोसायट्या आल्या, आणि मी विशीच्या आतच पाना हातात घेतला. फुशारकी वाटेल, पण गाडी नुसती गल्लीत वळली तरी तिचं काय दुखतंय ते मला कळतं. वाशी-नेरूळची मोठ्या गाड्यांवाली मंडळी माझ्याकडे यायची. ‘याच्या हातची गाडी म्हणजे डोळे झाकून चालवायची,’ असं एकमेकांना सांगायची. मला ते आवडायचं. फार म्हणजे फारच आवडायचं. हे आधीच सांगून ठेवतो.

दर्शना माझी धाकटी बहीण, माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. वाशीला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला. तिचा हात इतका हलका की रक्त काढायला म्हातारी माणसं ‘त्या दर्शना मॅडमच पाहिजेत’ म्हणून अडून बसायची. लहानपणी भर भरतीत खाडीत उडी मारणारी आमच्या घरात ही एकटीच. मी? मी काठावर तिचे कपडे सांभाळत उभा. लग्न झालं, जान्हवी झाली, तरी हिचं गाड्यांचं वेड काही जाईना. मोटारसायकल माझ्याकडेच शिकली. मुलीला शाळेत सोडून त्याच गाडीवर लॅबला जायची. आणि तेहतिसाव्या वर्षी एक दिवस गॅरेजमध्ये येऊन म्हणाली, “दादा, मला ट्रॅकवर चालवायचीय. खड्डे चुकवत चुकवत म्हातारी होईन नाहीतर.”

ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे बरं का. रेसचा रस्ता एक-दोन दिवस भाड्याने घेतात, आपापल्या गाड्या आणायच्या, शिकवायला माणसं असतात. नवशिक्यांचा गट वेगळा. कुणी कुणाच्या पुढे जायचं नाही, फक्त वळणं नीट घ्यायला शिकायचं. हे सगळं मी आईला समजावून सांगितलं. पण आईने घर डोक्यावर घेतलं. “पोरीची जात हाय, हात-पाय मोडून आली तं कोन बगनार?” जावईही जरा कुरकुरले. तेव्हा मीच पुढे होऊन म्हटलं, “मी हाय ना! गाडी माझ्या हातची असनार, टेन्शन काय घेता?”

गाडी जुनीच घेतली. खारघरच्या एका आयटीवाल्याची, तीनशे सीसीची. हौसेने घेतलेली आणि मग सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हर घालून विसरलेली. दोन महिने आम्ही बहीणभाऊ तिच्यामागे होतो. लॅब सुटली की दर्शना यायची, ओढणी कमरेला गुंडाळायची आणि माझ्याशेजारी बसायची. टायर दिसायला नवे होते, पण उभ्या उभ्या त्यांचं रबर कडक झालेलं, ते बदलले. आरसे काढले, नंबरप्लेट काढली. दिव्यांवर चिकटपट्ट्या मारल्या, म्हणजे गाडी पडली तर काच ट्रॅकवर सांडत नाही. इंजिन थंड ठेवायचं हिरवं पाणी काढून साधं पाणी भरलं, कारण ते हिरवं सांडलं की मागून येणारा घसरतो. ऑइलच्या बोल्टला भोक पाडून तार बांधली, म्हणजे तो सुटून ऑइल सांडत नाही. प्रत्येक वेळी ही विचारायची, “का रे दादा?” आणि मी सांगायचो. एवढं कौतुकाने कुणी माझं काम बघितलं नव्हतं. सुखाचे दोन महिने होते ते. खोटं कशाला बोलू? खोटं बोलायची जागा पुढे आहे.

ट्रॅक आपल्याकडे नाही, लांब दक्षिणेत आहे. कळंबोलीहून टेम्पो ठरवला. माझ्या गिऱ्हाइकांपैकी चौघेजण आपापल्या मोठ्या गाड्या घेऊन आले, सगळ्यांचा मेकॅनिक मीच. भाड्याने आणलेला चामड्याचा सूट पुरुषाच्या मापाचा होता. त्यात दर्शना बुजगावण्यासारखी दिसत होती आणि स्वतःच हसत होती.

सकाळी तीन फेऱ्या झाल्या. काय चालवली पोरीने! शिकवणारा माणूस हेल्मेट काढून मुद्दाम माझ्याकडे आला आणि म्हणाला, तुमच्या बहिणीचा हात अगदी मऊ आहे, ब्रेक कसा दाबायचा ते हिच्याकडून इतरांनी शिकावं. माझे डोळे भरून आले. धूळ गेली म्हणून मी पुसले.

इथपर्यंत आलो की मी नेहमी थांबतो. मनातल्या मनात सांगतानासुद्धा थांबतो. पण आज नाही थांबत.

दुपारी ती म्हणाली, “दादा, पुढचा ब्रेक चिरचिरतोय रे.” काहीच नव्हतं त्यात. पुढच्या चाकाच्या चकतीला दोन्ही बाजूंनी पॅड आवळतात आणि चाक थांबतं; त्या पॅडवर धूळ बसली होती. मी ते काढले, पॉलिश पेपरवर घासले, पुन्हा बसवले. आता नीट ऐका. पॅड बसवताना त्यांना आवळणारे दट्टे आत ढकलावे लागतात, नाहीतर पॅड चकतीवर चढत नाहीत. आणि काम झालं की हँडलवरचा ब्रेकचा लिव्हर चार-पाच वेळा दाबायचा. दट्टे परत जागेवर येतात, बस्स. नाही दाबला तर? तर पहिल्यांदा दाबाल तेव्हा लिव्हर मोकळाच हँडलला टेकतो आणि ब्रेक लागतच नाही. दुसऱ्यांदा दाबलात की लागतो. माझ्याकडे कामाला येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी हे शिकवतो. पाच सेकंदांचं काम आहे.

मी शेवटचा बोल्ट आवळत होतो आणि वाशीच्या एका मोठ्या गाडीवाल्याने हाक मारली. त्याच्याभोवती दुसऱ्या शहरातली पाच-सहा माणसं जमली होती. “या या, हे आमचे उस्ताद! नुसतं ऐकून सांगतील इंजिनात काय आहे.” उस्ताद. मी फडक्याला हात पुसले आणि गेलो. छाती काढून गेलो. इंजिन ऐकलं, मान डोलावली, अमुक आहे म्हटलं. वा वा झाली. तेवढ्यात नवशिक्यांच्या गटाचा भोंगा वाजला आणि पाठीमागून दर्शनाने ओरडून विचारलं, “दादा, झालं का? जाऊ?” मी वळूनही बघितलं नाही. हात वर केला. जा.

ट्रॅककडे जाताना गाडी हळू असते. तिथे ती मागचा, पायाचा ब्रेक वापरत होती. मीच शिकवलं होतं, हळू असताना पुढच्याला हात लावायचा नाही, नवखी माणसं तिथेच पडतात. म्हणजे पुढचा ब्रेक तिने पहिल्यांदा दाबला तो पहिल्या वळणावर. मी भिंतीपाशी उभा होतो. गाडीचा वेग कमी झाला नाही. ती सरळ जात राहिली. मग एकदम पुढचं चाक अडकलं आणि गाडी आडवी झाली. दर्शना डाव्या खांद्यावर आपटून खडीत गडगडत गेली.

मला त्याच क्षणी कळलं. तिच्याकडे धावताना कळलं होतं. पुढे कितीतरी वर्षं मी स्वतःला समजावत राहिलो की दाबला असेल मी लिव्हर, सवयीने दाबला असेल, आठवत नाही एवढंच. आठवतंय. नव्हता दाबला.

खांद्याजवळचं हाड मोडलं होतं. अँब्युलन्समध्ये ती वेदनेने पांढरीफटक पडली होती, पण शब्द अगदी स्वच्छ. “दादा, पहिल्यांदा दाबला तेव्हा लिव्हर हँडलला टेकला रे. मोकळा. दुसऱ्यांदा लागला.” मेकॅनिकही इतकं नेमकं सांगणार नाही. मी फक्त ‘हो’ म्हणायचं होतं. पण बाजूला तो शिकवणारा माणूस बसला होता, आणि दाराशी माझी चार गिऱ्हाइकं. पडलेली गाडी उचलून कुणीतरी लिव्हर दाबूनही बघितला होता. ब्रेक घट्ट लागत होता. लागणारच! तिने दोनदा दाबून तो जागेवर आणला होता. माझी चूक तिनेच पुसून टाकली होती.

आणि मी म्हणालो — काय म्हणालो ते जसंच्या तसं सांगतो. “अगं, तुझा हात चाललाच नाही. घाबरलं की असं होतं. आपल्याला वाटतं दाबला, पण दाबलेला नसतो. मग घाईत एकदम आवळलास.”

मग तिने उजवा हात वर उचलला, त्याचा हातमोजा अजून काढलेला नव्हता, आणि त्या हाताकडे बघितलं. दाराशी कुणीतरी हळूच म्हणालं, लेडीज आहे ना, होतं असं. मी त्याला गप्प केलं नाही. उलट मला बरं वाटलं. सुटलो, असं वाटलं. लाज वाटायला हवी होती, पण त्या क्षणी खरंच सुटल्यासारखं वाटलं.

हाड दोन-तीन महिन्यांत सांधलं. हाडाचं काय, ते सांधतं. गाडी तिने विकून टाकली. मग लॅबला जायची मोटारसायकल विकली. घरातली स्कूटरही सोडली. आता जुईनगर ते वाशी बसने जाते. लॅबच्या मालकांनी तिला पनवेलच्या नव्या शाखेची जबाबदारी देऊ केली, ती नको म्हणाली. का, तर “ऐनवेळी माझा हात चालत नाही, दादाला विचारा.” रक्त काढायचं कामही तिने सोडलं. आता आत बसून रिपोर्ट टाइप करते. म्हातारी माणसं विचारत यायची म्हणे बरेच दिवस, मॅडम कुठे गेल्या? आई सगळ्यांना सांगत फिरायची, पोरगा बोलला तेच खरं, पोरगी भ्याली. आई मागच्या वर्षी गेली. तीही तेच धरून गेली.

मी काही बोललो का? सांगायची संधी काय, शंभरदा आली होती. दर रविवारी ती घरी येते. राखी बांधते. माझ्या पोरांना माझ्याहून जास्त जीव लावते. मी ताटावर मान खाली घालून जेवतो. एकदाच, दोन वर्षांपूर्वी, गॅरेजच्या शटरपाशी म्हटलं होतं, “दर्शना, त्या दिवशी...” ती हसली. “जाऊ दे रे दादा. तू का मनाला लावून घेतोस? तुझी काय चूक?” आणि मी जाऊ दिलं.

गेल्या महिन्यात जान्हवीला अठरा वर्षं पूर्ण झाली. दोघी मायलेकी गॅरेजमध्ये आल्या. पोरीच्या हातात लायसन्सचा फॉर्म. तिला मोटारसायकल शिकायचीय, आणि ती माझ्याकडेच शिकायचीय. दर्शना नको म्हणत होती. तिच्या आवाजात राग नव्हता, मुलीला काळजीने समजावत होती. आपल्या अंगातच नाही ते बाळा, म्हणाली. आणि माझ्याकडे वळली. “मामाला विचार. मी तर गाडीलाच दोष देत बसले होते. दादाने तिथल्या तिथे खरं सांगितलं म्हणून मी शहाणी झाले. सख्खा भाऊ होता म्हणून सांगितलं, दुसऱ्या कुणी सांगितलं असतं का?”

जान्हवीने मला विचारलं, “मामा, खरंच आई घाबरली होती?”

गॅरेजमध्ये आमच्या तिघांशिवाय कुणी नव्हतं. गिऱ्हाइकं नव्हती, शिकवणारा नव्हता, दाराशी कुणी उभं नव्हतं. आई नव्हती. त्या अँब्युलन्समध्ये मी घाबरून बोललो होतो. या वेळी ज्याला भ्यावं असं माणूससुद्धा नव्हतं.

मी म्हटलं, “हो.”