लोइसच्या डेलियाला पहिलं बक्षीस

ऑगस्टच्या शेवटी माझ्या हातून एक आगाऊपणा झाला. चांगल्या मनाने केलेला... म्हणून जास्तच लागला.

पेनसिल्व्हेनियातल्या आमच्या स्टेट कॉलेज गावापासून अर्ध्या तासावर लोइसचं शेत आहे. ती मेनोनाइट, साध्या राहणीच्या पंथातली. डोक्यावर पांढरी टोपी, लांब फ्रॉक, घरात टीव्ही नाही. बरीच वर्षं मी तिच्याकडून भाजी घेते. दोघी साठीच्या पुढच्या, त्यामुळे गुडघ्यांवरून गप्पा लगेच जमल्या.

तिचा जीव मात्र डेलियाच्या फुलांत. गोठ्यामागे, रस्त्यावरून दिसणार नाही असा लांबच लांब वाफा. बियांपासून तिने स्वतः एक रंग काढलाय... पिकल्या जर्दाळूचा, पाकळ्यांची टोकं दुधासारखी.

"इतकं मागे का लावलंस?" मी एकदा विचारलं.

"चर्चमध्ये कुजबुज झाली होती. लोइसला टोमॅटोपेक्षा फुलांचंच कौतुक, म्हणून. मला मिरवायचं नाही, शालन... पण सोडवतही नाही."

मी कॉन्व्हेंटमध्ये वाढलेली. बक्षीस समारंभात नाव पुकारलं की ताठ मानेने स्टेजवर जायचं, हे आमच्या सिस्टर्सनी शिकवलेलं. मला वाटलं, हिला कधी कोणी पुकारलंच नाही! तिने दिलेल्या फुलांतली तीन मी गुपचूप काउंटी फेअरमध्ये, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या जत्रेत, फुलांच्या स्पर्धेला नेली आणि फॉर्मवर तिचं नाव लिहिलं.

पहिलं बक्षीस. निळी रिबन. लोकल पेपरमध्ये फुलांचा फोटो आणि खाली तिचं पूर्ण नाव.

मी हरखून मुलीला फोन केला. "आई! डिड यू इव्हन आस्क हर?" ...नव्हतं विचारलं. पेपर घेऊन तशीच शेतावर गेले.

लोइस रागावली नाही. पेपर वाचला, नीट घडी करून मला परत दिला. "आता सगळ्यांना वाटेल, मीच पाठवली," एवढंच म्हणाली. त्यानंतर तिकडे जायचं मला धाडस झालं नाही. माझ्यामुळे तिला तो वाफा मोडावा लागणार, हेच डोक्यात.

ऑक्टोबरमध्ये पहिल्या कडक थंडीने झाडं काळी पडली आणि तिचा फोन आला. "फावडं घेऊन ये."

गेले तर तिच्यासारख्याच पांढऱ्या टोप्या घातलेल्या, चर्चमधल्या आठ-नऊ बायका वाफा खणत होत्या. मला रडूच फुटलं.

"अगं, रडतेस काय! थंडीत कंद जमिनीत कुजतात, दरवर्षी काढावेच लागतात. बस, सुटे कर," लोइस म्हणाली. मग तिने सांगितलं... बातमीनंतर तिनेच चर्चमध्ये उभं राहून सगळं बोलून टाकलं होतं. हा नाद आपल्याला सुटत नाही, हेसुद्धा. मग सगळ्यात थोरल्या एस्तेरबाई म्हणाल्या, "बरं, मग आम्हाला कंद कधी देणार?"

एकेका झाडाखाली सात-आठ कंद. जर्दाळू रंग टोपल्यांतून घरोघरी निघाला.

निघताना लोइसने मला हळूच एक पाकीट दाखवलं. नव्या बिया. "यातून काय रंग निघतो, बघायचंय..."

एस्तेरबाईंनी ऐकलंच. "या वेळी गोठ्याच्या पुढे लाव. मागपर्यंत माझ्याने चालवत नाही."

लोइस हसली, आणि मग कितीतरी वेळ खाली बघून हातांची माती झाडत राहिली.

ती हे कधी वाचणार नाही. तरी इथे तिचं नाव बदललंय, फुलांचा फोटोही टाकलेला नाही... आणि या वेळी आधी तिला विचारलंय.