कुलपातलं वायफाय

ग्रामपंचायतीच्या भिंतीवर निळ्या ऑइलपेंटने ‘डिजिटल गाव’ असं लिहिलंय. अक्षरं एवढी मोठी, की जीपमधून उतरायच्या आधीच दिसतात. ज्या पोराने ती रंगवली त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. ज्याने रंगवून घेऊन फोटो वर पाठवला त्याच्याबद्दल आहे.

धडगावहून मी आमच्या संघटनेचा टॅबलेट घेऊन गेलो होतो. गावातल्या एका मुलीची नर्सिंगच्या प्रवेशाची मुलाखत होती, व्हिडिओवर. आश्रमशाळेत बारावी झालेली, पावरा आदिवासी घरातली पहिलीच एवढी शिकलेली. तिच्या गावात मोबाईलला रेंज येते ती टेकडीवर चढल्यावर, तीही बोलण्यापुरती. चेहरा दिसण्याइतकी नाही. पण पंचायतीत सरकारने वायफाय दिलेलं आहे. गावाचं आहे तर गावाच्या पोरीने वापरायचं, एवढं साधं आम्ही ठरवलं होतं.

ग्रामसेवक खुर्चीत होते. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणतात. त्यांनी पासवर्ड असा कानात सांगितला, जणू घरातली भानगड सांगताहेत. मुलगी टॅबलेटसमोर बसली. तिची आई दाराशी जमिनीवर बसली, कारण तिला बस म्हणायला कुणी तयार नव्हतं आणि रिकाम्या खुर्च्या मात्र होत्या.

फोन लागला. पलीकडच्या बाई दिसल्या आणि थिजल्या. मुलीने नाव सांगितलं, त्यातलं अर्धंच पोचलं. तुटक तुटक आवाजात बाई म्हणाल्या, “तुमचं काहीच कळत नाही. बाकीच्या मुलींचं आटोपते आणि शेवटी एकदा लावते. तेव्हाही असंच असेल तर मग माझा नाइलाज आहे.”

म्हणजे बाकीच्या मुली संपेपर्यंतच काय तो वेळ. मुलगी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली.

मी वायफाय बंद करून चालू केलं. टॅबलेट बंद करून चालू केला. जोडणी पुसून पासवर्ड पुन्हा घातला. जाड रेक्झिनचं कव्हर काढून फेकलं. खिडकीत धरला, दारात धरला. एकच रेघ. भाऊसाहेब चहा पीत बघत होते. “डोंगरमा असंच राहस भाऊ,” ते म्हणाले. नंतर सागाच्या झाडांचं कारण सांगितलं, मग हवेचं. या माणसाच्या हिशेबी डोंगरात जे काही बिघडतं ते डोंगरामुळेच.

टॅबलेट हातात धरून मी खोलीभर फिरलो. कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटाजवळ गेलो तर दोन रेघा. कपाटाला चिकटवला, दोनाच्या तीन झाल्या. तेव्हा वर पाहिलं. झरोक्यातून काळी वायर आत आली होती, भिंतीवरून उतरली होती आणि कपाटाच्या पाठीला पाडलेल्या भोकातून आत गेली होती.

मी विचारलं, वायफायचं मशीन कपाटात ठेवलंय का. ते म्हणाले, मग कुठे ठेवणार. मी म्हटलं, लोखंड अडवतं त्याला, कंदील पेटवून पेटीत ठेवल्यासारखं झालं हे. उघडा आणि वर ठेवा. त्यांनी नकारार्थी मान हलवली. सरकारी वस्तू. त्यांच्या ताब्यातली.

“चोरी व्हयनी ते जबाबदार कोन?” मग माझ्याकडे झुकून, आवाज खाली आणून, “तू आपला मानूस शे म्हनीसन सांगस. ह्या लोके काहीबी उचली लई जातस.”

आपला माणूस. मी सपाटीवरचा, तापीकाठचा, त्यांच्यासारखाच अहिराणी बोलणारा. एवढ्यावर त्यांनी मला स्वतःच्या बाजूला बसवून टाकलं होतं. मी मोठ्याने विचारलं, कोण लोक, नीट सांगा, दाराशी बसलेल्या मावशींनाही ऐकू दे. ते चिडले. किल्ली खिशात घातली आणि म्हणाले, आता तर नाहीच.

मुलीने माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प झालो. माझं बरोबर होतं. पण तिची मुलाखत त्या किल्लीत अडकली होती.

तेवढ्यात तिची आई उठली. अहिराणी तिला सगळी कळत नसेल, पण ‘चोरी’ कळायला भाषा लागत नाही. तिने गळ्यातली जाड चांदीची हासळी काढली आणि भाऊसाहेबांच्या टेबलावर, चहाच्या कपाशेजारी ठेवली. मुलीने त्यांच्या पावरी बोलीत काही म्हटलं. आईने तिच्याकडे पाहिलंही नाही.

मला वाटलं, आता तरी हा माणूस शरमेल. त्यांनी हासळी उचलली, हातात तोलली, ड्रॉवरमध्ये ठेवली आणि ड्रॉवरला कुलूप लावलं. मग कपाट उघडलं.

आत शाळेला आलेला फुटबॉल होता, अजून पिशवीत. कॅरम होता. अंगणवाडीचा वजनकाटा होता, खोक्यातून न काढलेला. गावाला जे जे मिळालं ते सगळं तिथे सुखरूप होतं, गावापासून. खालच्या फळीवर, झेंड्याच्या गाठोड्यामागे, ते मशीन. त्यावर दसऱ्याचं कुंकू आणि सुकलेला झेंडू. म्हणजे पूजा केली होती.

मी ते उचलून कपाटाच्या डोक्यावर ठेवलं. टॅबलेटवर सगळ्या रेघा भरल्या.

बाईंनी शेवटी फोन लावला तेव्हा चेहरा स्वच्छ, आवाज स्वच्छ. नर्सच का व्हायचंय, असं विचारलं. मुलगी शाळेतल्या मराठीत, सावकाश म्हणाली, “आमच्याकडे दवाखान्यात आई काय सांगते ते सिस्टरला कळत नाही. मला कळेल.” बाईंनी अजून बरंच विचारलं. एकदाही आवाज तुटला नाही.

फोन संपला तसं भाऊसाहेबांनी मशीन आत ठेवलं, कपाट लावलं आणि मगच हासळी दिली. मावशींनी ती तिथेच, त्यांच्यासमोर उभं राहून गळ्यात घातली.

बाहेर आल्यावर माझ्या डोक्यात पत्रकाचा मथळाही तयार होता. उद्या छापतो, नावानिशी, असं मी म्हणालो.

“नका दादा,” मुलगी म्हणाली. “निवड झाली तर रहिवासी दाखला याच भाऊसाहेबांकडून घ्यायचाय.”

पत्रक निघालं नाही. निवड झाली. दाखल्यासाठी त्यांनी तिला हेलपाटे घालायला लावले, पण दिला. आता ती शिकायला गेलीये, म्हणून हे लिहितोय. नाव अजूनही घालत नाही. तिची धाकटी बहीण बारावीला आहे, आणि किल्ली त्याच खिशात आहे.