तपासणीचा ठेचा
तव्यावर हिरव्या मिरच्या तडतडून ठसका लागला, की मला डोणगावचं आमचं स्वयंपाकघर आठवतं. महाराष्ट्र तेव्हा नवा नवा होता आणि मी शाळेत जात होते. बाबांच्या उजव्या गालात आतून कॅन्सर निघाला होता. मुंबईला लाईट, म्हणजे किरणांचा शेक, देऊन आणल्यापासून त्यांना तिखट बंद होतं, नुसती दूधभाकरी चालायची. पहिल्या तपासणीहून ते एसटीने परतले, तेव्हा आई दारातच उभी होती. "काय म्हने डाक्टर?" "चांगलं हाय म्हने. तीन महिन्यानं परत या म्हने." "चांगलं हाय तं परत काऊन बलावलं?" बाबा खाली वाकून चपला काढत राहिले, आणि हे काहीतरी लपवतायत अशी आईची खात्रीच झाली. तिने तवा ठेवला, झणझणीत ठेचा कुटला, त्यांच्या भाकरीवर वाढला आणि समोर बसून त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिली. पहिल्या घासालाच त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. "कोन्त्या गालाले झोंबून राह्यलं?" "दोन्हीले." मग तिने त्यांना दाराच्या उजेडात आ करायला लावलं आणि बराच वेळ आत पाहिलं. आत काहीच दिसलं नाही, तसा तिचा संशय आणखी वाढला. पुढे दर तपासणीनंतर आमच्याकडे ठेचा व्हायचा, आणि बाबा तो मुकाट्याने खायचे. परवा माझे यजमान तपासणीहून आले. सगळं छान आहे, सहा महिन्यांनी या, असं डॉक्टर म्हणाले म्हणे. मी बरं म्हटलं, आणि तवा तापत ठेवला.