कोपरा फाडलेलं कार्ड

आईची सगळी पत्रं माझ्याकडे आहेत, एक सोडून. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवलीत. सगळी पोस्टकार्डंच, आणि अक्षर तिचं नाही. आईला लिहिता येत नव्हतं. वसमतच्या अलीकडे आमचं गाव आहे. तिथे एक चाचा शिवणकाम करायचे. सातवी शिकलेले, अक्षर सुबक. झंपराची मापं लिहिता लिहिता ते अर्ध्या गावाची पत्रंही लिहायचे. आई त्यांच्या मशीनशेजारी पोत्यावर बसून सांगायची. चाचा तिचं बोलणं सरळ करून लिहायचे, तरी ती मधूनच निसटायची. "गाईला कालवड झाली. तुझ्यावानीच ताठ हाय." हे वाक्य चाचांचं असणं शक्य नाही.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. कुणी विचारलं नाही तरी मी हे सांगते. वडील मी नववीत असताना गेले. घरात शब्द चालायचा चुलत्यांचा. बारावी झाल्यावर त्यांनी स्थळं बघायला काढली, तेव्हा आई, जी त्यांच्यासमोर कधी डोक्यावर पदर न घेता उभी राहिली नव्हती, ती दारात बसून राहिली. दोन दिवस जेवली नाही. पोरगी शिकणार, एवढंच बोलली. शेवटी मला औरंगाबादच्या सरकारी वसतिगृहात जाऊ दिलं. तेव्हा त्या शहराचं नाव तेच होतं.

पुढचं सगळं ज्या एका गोष्टीभोवती फिरतं ती अशी: दारात बसून राहणारी ही बाई दोन वर्षांनी माझ्या लग्नाच्या बैठकीत एक शब्द बोलली नाही. का बोलली नाही, हे मी तिला कधी विचारलं नाही. राग होता म्हणून विचारलं नाही.

आमच्याकडे मयताच्या पत्राची एक रीत होती. लिहून झालं की कार्डाचा एक कोपरा फाडायचा, म्हणजे हातात घेतानाच कळावं. असं कार्ड घरात न्यायचं नाही. उंबऱ्याबाहेर वाचायचं, तिथंच फाडायचं, आणि हातपाय धुऊन आत यायचं. ज्यांना वाचता येत नव्हतं तीसुद्धा माणसं कोपरा बघून रडायला लागायची.

दुसऱ्या वर्षाची परीक्षा तीन आठवड्यांवर होती. वसतिगृहाच्या फाटकावर शिपायानं कार्ड दिलं, तेही दोन बोटांत धरून. कोपरा नव्हता. मी पहिल्या ओळी वाचल्या. थोरली बहीण, जी नरसीच्या पलीकडे दिली होती, ती तापानं गेली. मागं दीड वर्षाची मुलगी. त्याच्याखाली अजून पाच-सहा ओळी होत्या, दाटीनं लिहिलेल्या. मी त्या वाचल्या नाहीत. हात आपोआप चालले. बी.ए. दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, अर्थशास्त्र घेतलेली, आणि मी फाटकाबाहेर उभी राहून कार्डाचे बारीक तुकडे केले आणि नालीत टाकले. मग नळावर हातपाय धुतले. संध्याकाळच्या एसटीनं निघाले.

घरी पोचले तर ओसरीवर बहिणीची लेक कुणाच्या तरी मांडीवर झोपलेली. आई मला बघून उभी राहिली, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला तेव्हा रडणंच वाटलं. तिनं मला हाताला धरून गोठ्याकडे नेलं.

"कारड मिळालं?"

"मिळालं."

"समदं वाचलं का?"

आता खरं सांगायचं तर मला तो प्रश्न झोंबला. गावात कुणाचंही पत्र आलं की माझ्याकडे वाचायला यायचं, आणि आईच विचारत होती वाचलं का म्हणून. अर्धं वाचून फाडलं हे सांगायची लाजही वाटली.

"वाचलं की. मला काय वाचता येत न्हाई?"

आईनं गाईच्या पाठीवरून हात फिरवला. "मंग ठीक हाय," म्हणाली आणि आत गेली.

तेरावं झाल्यावर नरसीकडची माणसं आली. चुलते, भावजी आणि इतर बापे ओसरीवर बसले. लेकराला परकी आई कशाला, घरचीच मावशी हाय, असं कुणीतरी काढलं, आणि बाकीच्यांनी माना हलवल्या, जणू हे आधीच ठरलं होतं. मी आतल्या दाराआडून आईकडे बघत होते. ती आता उठेल, दारात जाऊन बसेल, असं मला शेवटपर्यंत वाटत होतं. ती चुलीपुढे बसून चहात साखर घालत होती. महिन्याभरात माझं लग्न झालं.

नवरा वाईट नव्हता. हे लिहिलंच पाहिजे. बहिणीच्या लेकीला मी वाढवलं, आणि ती माझीच आहे. बी.ए. मी बाहेरून पुरी केली, तीन वर्षं उशिरा, हिंगोलीत भाड्याच्या खोलीत, एका हातानं भाकरी थापत. पुढे एका कचेरीत लागले. आईची कार्डं येत राहिली. मी उत्तरं दिली, पण चार ओळींची. खुशाली, पाऊस, पोरीची शाळा. माहेरी गेले तरी पाहुण्यासारखी बसायचे. एकदा तिनं विचारलं, "सुखी हाईस ना तू?" मी म्हणाले, "तुमीच दिलं ना, मग सुखीच असणार."  आईला मी 'तू' म्हणायचे. त्या दिवशी 'तुमी' म्हणाले, आणि ते तिला बरोबर कळलं.

आई गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. तिच्या जाण्याचं पत्र आलं नाही, फोन आला. नवराही गेला. पोरगी पुण्यात नोकरी करते. मी हिंगोलीत एकटी आहे.

गेल्या महिन्यात कळलं, चाचा वसमतला लेकाकडे असतात आणि त्यांना आता दिसत नाही. भेटायला गेले. आवाजावरून ओळखलं त्यांनी. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं. मग ते म्हणाले, "बेटी, तुझ्या आईची एक चिठ्ठी माझ्या ध्यानातून जात न्हाई. बहिणीच्या टायमाची. ती चिठ्ठी वाचून बी तू आलीस, तवा मला नवल वाटलं. पण तुझ्या मनातच होतं म्हणल्यावर आमी कोण बोलणार."

मी विचारलं, "माझ्या मनात काय होतं?"

 बहुतेक त्यांना वाटलं मी विसरले. मग त्यांनी आठवून सांगितलं, जसं आईनं सांगितलं होतं तसं. "बाई, तू येऊ नको. आलीस की ही माणसं तुला त्याच घरात देतेत. म्या अडवू शकत न्हाई, पण तू हितं नसलीस तर त्यायला बी काही करता येत न्हाई. परीक्षा दे. तुझ्या मनात असंल तरच ये. आलीस तर म्या समजंन तुझी मर्जी हाय, अन् मधी बोलणार न्हाई."

मी मग म्हणाले, "चाचा, म्या ते वाचलंच न्हाई. वरचं वाचून फाडलं."

त्यांनी हातातली बशी खाली ठेवली. जागा चाचपत, हळू.

"ती मला म्हणली होती," ते म्हणाले, "कोपरा फाडू नका, पोरगी दारातच फाडून टाकील. म्या ऐकलं न्हाई. मयताची चिठ्ठी अन् कोपरा साबूत, लोक काय म्हणतेल. म्या फाडला."

 त्यांच्या सुनेनं येऊन विचारलं जेवून जाणार का. मी नको म्हणाले.

हिंगोलीची बस अर्धी रिकामी होती. वाटेत दोन्ही बाजूंना हळदीची हिरवी रानं होती, आणि मी हिशेब लावत होते की आई त्या दिवशी गोठ्यातून आत गेली ती काय समजून. मी मनानं आले, असं समजून. मला तो माणूस, ते घर हवं होतं, असं समजून. म्हणून ती चुलीपाशी बसली. आणि नंतर मी तिच्याशी तुटक वागले, ते कशामुळे हे तिला कळायला काही मार्गच नव्हता. तिनं ते कसं सोसलं असेल? पत्रातून कधी विचारलं नाही. चाचांच्या हातानं असलं विचारणारही कसं?

रविवारी पोरीचा फोन आला. मी वसमतला गेले होते म्हणाले. ती म्हणाली, "काहून?"

"असंच. जुनी ओळख."

तिला मी हे सांगणार नाही. सांगितलं तर ती विचारेल, तू ते कार्ड पुरतं वाचलं असतंस तर मी कुणाकडे वाढले असते? त्याचं उत्तर मला देता येत नाही. ते कार्ड वाचून मी औरंगाबादलाच थांबले असते, हे मला ठाऊक आहे. ती माझ्या पोटाशी झोपायची हेही ठाऊक आहे. दोन्ही एका जागी ठेवता येत नाहीत.

डबा उघडून आईची पत्रं मी पुन्हा वाचायला घेतली आहेत. आता शेवटच्या ओळीपर्यंत वाचते. एका कार्डावर, लग्नानंतरच्या पहिल्याच, अगदी तळाला, पत्त्याच्या बाजूला उरलेल्या जागेत चाचांनी बारीक अक्षरात लिहिलंय: तुझ्या मनाजोगं झालं त्यात आम्हाला आनंद आहे. हे मी तेव्हा वाचलं होतं. वाचून कार्ड रागानं डब्यात टाकलं होतं.