खेळ घेणाऱ्याचा ग्लास

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. बायकोसमोर एक-दोनदा ओठांवर आली, तेव्हा मी उठून पाणी प्यायलो आणि दुसरंच काहीतरी बोललो. मग तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, सुभाषलाही ओळखत नाही — म्हणूनच बहुतेक. 

सुरुवात खेळांपासून करतो. ते सांगायला सोपं आहे. (बघा, लगेच पळवाट शोधली.) ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही एरंडोलचे चार मित्र. मी कापडाच्या दुकानात नोकरीला. मधूची शेती, पद्मालयाच्या रस्त्याला. सुभाषच्या वडिलांची जीप होती, त्या रस्त्यावर सवाऱ्यांच्या फेऱ्या करायची, आणि ती सुभाषच चालवायचा. चौथा वसंता. तो कापसाचे ट्रक जिनिंगला नेऊन टाकायचा. गाडी अशी चालवायचा की शेजारी बसलेल्याला झोप लागावी. मला जीप शिकवली ती त्यानेच. हे लक्षात ठेवा — मला जीप चालवता येत होती.

थंडी पडली की आमच्याकडे भरिताच्या पार्ट्या सुरू होतात. शेतात तुरीच्या आणि कपाशीच्या काड्या पेटवायच्या, त्यात हिरवी-पांढरी मोठी वांगी भाजायची, सोलून हिरव्या मिरच्या-लसणासोबत लाकडी बडगीत ठेचायची. सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर आणि कांद्याची पात. हे काम पुरुषांचं. आणि पुरुष शेतात एकटे असले की वांगी भाजेपर्यंत काय करणार? बाटली निघायची. नुसतं पिण्यात मजा नाही म्हणून खेळ निघायचे. ते खेळ काढायचो मी.

साधेच खेळ. ‘बूम’ म्हणजे गोल बसून आकडे म्हणायचे, सात किंवा सातच्या पाढ्यातला आकडा आला की तो न म्हणता बूम म्हणायचं. चुकला त्याने ग्लास उचलायचा. चाराण्याचं नाणं जमिनीवर उसळवून वाटीत पाडायचं, वाटीबाहेर गेलं की एक घोट. भेंड्या तर होत्याच. पण सगळ्यांना आवडायचा तो माझा एसटीचा खेळ. धुळ्याहून जळगावला निघायचं, प्रत्येकाने पुढचा थांबा सांगायचा — फागणे, मुकटी, पारोळा, एरंडोल, पाळधी, बांभोरी, मधली सगळी खेडी धरून. जो गाव गाळेल तो पिणार. सुभाष कायम मुकटी गाळायचा. मुकटीला त्याची सासुरवाडी, म्हणून आम्ही त्याला किती छळायचो! वसंता मात्र कधी चुकायचा नाही. झोपेतही त्याची बस सगळीकडे थांबत असे.

आता पहिला भाग सांगतो. त्यातल्या त्यात सोपा.

मी दारू पीत नव्हतो. कधीच नाही. कॉलेजात असताना पहिल्यांदा घेतली, दुसऱ्या घोटाला ओकलो, तेही सुभाषच्या नव्या बुटांवर, आणि वर रडलो. वर्षभर मला सगळे ‘बालवाडी’ म्हणायचे. पुन्हा तसं व्हायला नको होतं. पीत नाही असं सरळ सांगायला काय जात होतं? आज हे सोपं वाटतं. तेव्हा वाटायचं, एकदा सांगितलं की पुढच्या पार्टीला मला कोणी हाक मारणार नाही. मित्र तेवढेच होते हो मला.

म्हणून मी घरी कोरा चहा उकळायचो. आईला सांगायचो, पोटाचा काढा आहे. तो रमच्या रिकाम्या बाटलीत भरून पिशवीतून न्यायचा. ग्लास स्टीलचे, मधूच्या शेतातले. ओतायचं काम मी स्वतःकडे घेतलं होतं. त्यांना त्यांच्या बाटलीतून, मला माझ्या. एकदा साखर घालायची चूक केली तर माझ्या ग्लासाला मुंग्या लागल्या, आणि पार्टीभर मी बोटाने त्या पुसत बसलो. पण कोणाच्या लक्षात आलं नाही. खेळ घेणाऱ्याच्या ग्लासाकडे कोणी बघत नाही, हे मी तेव्हाच शिकलो. चुकलो की मीही ग्लास उचलायचो, तोंड वाकडं करायचो, खाकरायचो. हळूहळू माझी कीर्ती झाली. याला कितीही पाजा, हा हलत नाही! बालवाडी सुटली. मला ते आवडायला लागलं, खोटं कशाला बोलू?

पण भीती कधी गेली नाही. कोणी चुकून माझा ग्लास उचलला तर? कोणी वास घेतला तर? दर पार्टीला घसा सुकायचा आणि तो ओला करायला समोर चहाच असायचा.

त्या दिवशीची पार्टी वसंतासाठी होती. त्याला एसटीत ड्रायव्हरकीचा कॉल आला होता, धुळ्याला हजर व्हायचं होतं. पाच भावंडांत पहिली सरकारी नोकरी. त्याच्या आईने गल्लीत पेढे वाटले होते. आम्ही दुपारपासून शेतात. वसंताला पाजायचीच असं ठरलेलं, पण तो एसटीच्या खेळात चुकेना. मग मीच डोकं लढवलं. म्हटलं, आज उलटं — जळगावहून धुळ्याला. वसंता हसला, म्हणाला, परतीची गाडी बी आपलीच. आणि अडखळला. एकदा अडखळला तसा अडखळतच गेला. सुभाषही प्यायला, भरपूर प्यायला. मी ओतत होतो. भरीत झकास झालं होतं, असं सगळे म्हणाले. मला चव आठवत नाही.

दिवस मावळायला आला. मधू शेतातच राहणार होता, तो जाळ विझवत होता. वसंता जीपमध्ये मागे डाव्या अंगाला जाऊन बसला — बाजूने एक पाय बाहेर सोडून, त्याची नेहमीची सवय — आणि पारोळ्यापासून पुढचे थांबे मोठ्याने म्हणत होता. सुभाष जीपला टेकून उभा होता. त्याने खिशातून चावी काढली. तिच्याकडे बघितलं. मग माझ्यासमोर धरली.

“तू चालाड रे आज,” तो म्हणाला. “मन्हं डोकं फिरी ऱ्हायनं.”

इथे मला जरा थांबू द्या.

किती वेळ गेला असेल? फार नाही. पण माझ्या मनातून तेवढ्यात काय काय गेलं! चावी घेतली तर जीप सरळ जाईल. खड्डे चुकवत, वळणावर हळू, वसंताने शिकवली तशी. मग उद्या मधू विचारेल, सुभाष विचारेल — एवढी पिऊन हा इतकी नीट कशी चालवतो? कोणीतरी पिशवी उघडेल. बाटली नाकाला लावेल. बालवाडी.

मी मुद्दाम झोकांडी खाल्ली. चांगली जमली, सराव होता. हसलो आणि म्हणालो, “मले तं दोन-दोन रस्ता दिखी ऱ्हायनात, भो.”

सुभाषही हसला. माझ्या पाठीवर थाप मारली, चावी परत घेतली आणि चढला.

मी त्याच्या शेजारी बसलो. आणि तुम्हाला सांगतो, मला सगळं दिसत होतं. जीप रस्त्याच्या कडेला घासत चालली होती, ते दिसत होतं. समोर कापसाने भरलेली बैलगाडी, तिला कंदील नाही, तेही मला आधी दिसलं. मी ओरडलो का? ओरडलो. पण उशिरा — कारण प्यायलेला माणूस उशिराच ओरडतो, आणि मी अजून प्यायलेलाच होतो. सुभाषने जीप डावीकडे वळवली. डावीकडे मोरीचा दगडी कठडा होता. जीप उलटली नाही, कोणी मेलं नाही. नुसती कठड्याला घासत गेली. वसंताचा पाय बाहेर होता.

त्यानंतर मी जे केलं त्याबद्दल गावात आजही माझं नाव घेतात. गळ्यातला मफलर काढून वसंताचा पाय मांडीशी करकचून आवळला. गाडीवानाला ओरडून खाली उतरवलं, रस्त्यावर आडवा होऊन एक टेम्पो थांबवला, वसंताचं डोकं मांडीवर घेऊन जळगाव गाठलं. डॉक्टरांनी पाय घोट्याच्या वर कापला, पण म्हणाले, आवळून आणला नसता तर माणूसच गेला असता. वसंताच्या आईने माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. लोक म्हणाले, एवढा प्यायलेला असून पोराने काय भान ठेवलं! मी खाली मान घालून ऐकत राहिलो. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटत होतं. आणि त्याच वेळी — हेही सांगायला हवं — सुटल्यासारखंही वाटत होतं. कोणाला कळलं नव्हतं.

हा सगळा मधला भाग. खरं सांगायचं ते अजून राहिलंय.

पहिले काही दिवस मी सुभाषच्या तोंडाकडे बघायचो. याला आठवेल. आत्ता आठवेल. म्हणेल, मी तुला चावी देत होतो. तो काहीच म्हणेना. हळूहळू माझ्या लक्षात आलं, त्याला जाळ विझवेपर्यंतचं आठवत होतं आणि थेट मोरीचं. मधलं सगळं कोरं. मधू लांब होता. वसंता थांबे म्हणत होता. चावी पुढे केलेली एकट्या मला माहीत होती.

मग एक दिवस सुभाषच्या वडिलांनी मला घरी बोलावलं. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. सुभाष कोपऱ्यात गुडघ्यात डोकं घालून बसलेला. वसंताचे काका आले होते, मधू होता. आबांचा आवाज फार बारीक झाला होता.

“कोनीच रोकं नही का रे त्याले?” त्यांनी मला विचारलं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. काय काय म्हणता आलं असतं! आठवत नाही म्हणता आलं असतं. आम्ही सगळेच प्यायलो होतो म्हणता आलं असतं. गप्प बसता आलं असतं. पण मला वाटलं, गप्प बसलो तर हे पुढचं विचारतील, आणि त्याच्याही पुढचं. भीती मोठी हुशार असते हो. तिने माझ्या तोंडी उत्तर तयार ठेवलं होतं.

“सांगं व्हतं, आबा,” मी म्हणालो. “आयकं नही त्यानी.”

हे ते.

आबांनी मान हलवली. वसंताचे काका उठून बाहेर गेले. सुभाषने डोकं वर केलं आणि माझ्याकडे बघितलं. त्याच्या नजरेत राग नव्हता. तो आठवायचा प्रयत्न करत होता.

जीप विकली. सुभाषने त्यानंतर कोणतीच गाडी चालवली नाही, सायकलवर फिरतो. दारूला शिवला नाही. वसंताने स्टँडजवळ पंक्चरचं दुकान टाकलं. त्याची टपरी सुभाषने स्वतःच्या हाताने ठोकली, आणि अजून रोज सकाळी जाऊन तोच ती उघडून देतो, फळ्या काढतो, पंप बाहेर ठेवतो. वसंता त्याला कधी एका शब्दाने बोलला नाही. म्हणतो, नशिबात होतं. सुभाषला ते पटत नाही. पिऊन गाडी चालवली एवढंच असतं तर त्याने कधीतरी स्वतःला माफ केलं असतं, असं मला वाटतं. पण जिवाभावाचा मित्र नको म्हणत होता आणि आपण ऐकलं नाही — हे त्याच्या पोटात जे जाऊन बसलंय ते निघत नाही. ते मी घातलेलं आहे.

तो मला विचारतो. वर्षातून एखाद्या वेळी, काहीतरी दुसरं बोलता बोलता, माझ्याकडे न बघता. परवाही विचारलं. आम्ही स्टँडवर चहा पीत उभे होतो.

“मी खरंच आयकं नही का रे तुन्हं?”

मी म्हणालो, “जाऊ दे आता.”

त्याला वाटतं, मी त्याची लाज राखतो. म्हणाला, तू होता म्हणून वसंता जगला, आणि चहाचे पैसे मला देऊ दिले नाहीत. मग सायकल घेऊन निघाला. मी त्याला हाक मारली नाही.

मी काहीही सांगितलं नव्हतं, सुभाष. न ऐकायला तुझ्यासमोर काही नव्हतंच. चावी तू पुढे केली होतीस.