शेवग्यावरच्या कोंबड्या

माझ्या सासूबाईंचं नाव चंद्राबाई. मी त्यांना आत्या म्हणायची. आमच्या भागात सुना तसंच म्हणतात. मी लग्न होऊन कराडहून आले तेव्हा त्यांचं घर ओढ्याकाठच्या जुन्या आळीत होतं. दोन खोल्या, पुढं ओटा, ओट्याला लागून शेवगा आणि भिंतीच्या पोटात कोंबड्यांचं खुराडं. दिवेलागणीला कोंबड्या आपोआप एकामागं एक आत शिरायच्या. आत्या दाराला फरशीचा तुकडा लावायच्या आणि मगच देवापुढं दिवा लावायच्या. मी शहरातली. मला वाटायचं, कोंबड्या सगळीकडं अशाच शहाण्या असतात.

महापुराच्या साली पाणी आळीत शिरलं. आम्ही गावातल्या शाळेत जाऊन राहिलो. आत्यांनी बरोबर दोनच गोष्टी घेतल्या, कपड्यांची पेटी आणि बांबूच्या टोपलीत, डालग्यात, झाकलेल्या कोंबड्या. पाणी उतरलं तेव्हा घर बसलेलं होतं. ओटा आणि शेवगा तेवढा उभा होता. माझे यजमान शिवतेज फौजेत. त्यांनी सुट्टी काढून ओढ्यापलीकडं आमच्या उसाच्या रानाच्या वरच्या अंगाला स्लॅबचं घर बांधलं. मलकापूरच्या वेल्डरकडून कोंबड्यांसाठी जाळीचं खुराडंही करून आणलं, वर पत्रा, दाराला कडी.

"आई, तुझ्या कोंबड्यांना पण बंगला," ते म्हणाले.

"लय भारी हाय," आत्या म्हणाल्या. "पण राहत्याल का, ते त्यास्नी इचार."

कोंबड्या राहिल्या नाहीत. पहिल्याच दिवशी ऊन कलल्यावर त्या बांधाबांधानं खाली उतरल्या, ओढ्यातल्या दगडांवरून पलीकडं गेल्या आणि पडलेल्या घराच्या शेवग्यावर जाऊन बसल्या. आत्या डालगं घेऊन गेल्या, एकेक खाली काढली आणि डोक्यावरून घेऊन आल्या. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. मग ते रोजचंच होऊन बसलं.

एकदा आत्यांना उशीर झाला म्हणून मी बघायला गेले. कोंबड्या डालग्यात केव्हाच झाकून झाल्या होत्या. आत्या समोरच्या बनुबाईंच्या ओट्यावर बसल्या होत्या. दोघी एकाच साली या आळीत सुना होऊन आलेल्या. पुरानंतर बरीच घरं उठून गेली, बनुबाईंचं पक्कं होतं म्हणून राहिलं. दोघींच्या गप्पा म्हणजे नुसती आळीची आठवण. इथं गुंडा शिंप्याचं मशीन होतं, रात्रंदिवस खडखडायचं. तिथं केरबाची म्हैस बांधलेली असायची, येणाऱ्याजाणाऱ्याला शेपूट मारायची. दोघींचे नवरे पलटणीत असताना कुणाच्या दारात रेडिओ ऐकायला बसायच्या, आणि बातम्या संपल्या तरी उठायच्या नाहीत. एकीनं सुरू करायचं, दुसरीनं पुरं करायचं. मी पायरीवर बसले आणि मलाही उठावंसं वाटेना. समोर पडक्या घराचं अंगण मात्र लख्ख झाडलेलं होतं. कुणी राहत नसलेलं अंगण आत्या रोज झाडत होत्या.

परतताना मी म्हटलं, "आत्या, रोज किती त्रास हा. कोंबड्यांना सवय लावायचा काही उपाय असेल की."

"बघू," एवढंच म्हणाल्या.

पुढच्या खेपेला मी बनुबाईंनाच विचारलं. त्या हसल्या. "अगं, चंद्रीला कुणी शिकवायचं? आमच्या आळीत कुणी नवी कोंबडी आणली की हिलाच बोलवत व्हते. आठ-धा दिस कोंडायची, आतच दाणापाणी द्यायचं, मग बरोबर घर धरती. तिला ठावं न्हाई व्हय?"

मी आत्यांकडं बघितलं. त्या डालग्याची दोरी आवळत होत्या. घरी आल्यावरही मी तो विषय काढला नाही.

पुढच्या वर्षीच्या श्रावणात एका दुपारी वरच्या अंगाला जोराचा पाऊस झाला आणि तासाभरात ओढ्याला गढूळ पाणी आलं. कोंबड्या आधीच पलीकडं गेलेल्या. आत्या डालगं घेऊन काठावर उभ्या. मी त्यांचा हात घट्ट धरून ठेवला. पाण्याच्या आवाजात पलीकडं हाक पोचेना. बनुबाई त्या दिवशी लेकीकडं वाईला गेल्या होत्या. अंधार पडेपर्यंत आम्ही तिथंच होतो.

सकाळी पाणी ओसरल्यावर गेलो. शेवग्याखाली पिसं पडली होती. रानमांजर येऊन गेलं होतं. तांबडी कोंबडी गेली. आत्यांच्या पायापायात घुटमळणारी, पुरात डालग्यातून आलेली. बाकीच्या वरच्या फांदीवर गप्प बसून होत्या. आत्यांनी पिसं गोळा केली, ओढ्यात सोडली आणि ओट्यावर बसल्या.

"माज्या हौसंपायी तिचा जीव गेला," त्या म्हणाल्या.

"आवं आत्या, तुमी काय मुद्दाम केलं का?" माझ्याही तोंडून त्यांचीच बोली निघाली.

"मुद्दामच की गं. कोंडल्या असत्या तर कवाच राहिल्या असत्या. पण मग मी कशाला आले असते हिकडं?"

त्याच दिवशी त्यांनी कोंबड्या जाळीच्या खुराड्यात कोंडल्या. आतला कोंबड्यांनी बसायचा लोखंडी गज काढून त्या जागी बाभळीची जाड दांडी बसवली. "गजावर बोटं ठरत न्हाईत, गार लागतो. झाड हाय असं वाटाय पायजे." कण्या आणि पाणी आतच. पहिले दोन दिवस कोंबड्यांनी जाळीला चोची मारून गोंधळ घातला. पुढं गप्प झाल्या. मग आत्या त्यांना दिवस मावळायच्या जरा आधी सोडायला लागल्या, म्हणजे लांब जायला वेळच राहू नये. एका संध्याकाळी साऱ्या आपणहून आत गेल्या, दांडीवर बाजूबाजूला बसल्या. मी आनंदानं टाळ्या वाजवल्या. आत्यांनी शांतपणे कडी लावली.

त्यानंतरचे दिवस मात्र वाईट गेले. संध्याकाळ झाली की आत्या दारात येऊन उभ्या राहायच्या, पुन्हा आत जायच्या. निवडलेले तांदूळ परत निवडायच्या. मी म्हटलं, "बनुबाईंकडं जाऊन या की."

"कामाबिगर कुनाच्या दारात जाऊन बसायचं? लोक काय म्हणत्याल?"

खरं होतं. उभ्या जन्मात त्या पाण्याला, दळणाला, जळणाला, नाहीतर कोंबड्यांना म्हणून घराबाहेर पडल्या होत्या. नुसतं जायचं म्हणून कधीच नाही.

मग एक दिवस मी चुलीपाशी असताना त्या पदर खांद्यावरून घेऊन बाहेर आल्या. हात मोकळे.

"बनूकडं जाऊन येते," म्हणाल्या, जरा मोठ्यानं, जणू कुणी अडवणार होतं.

"जावा की," मी म्हटलं.

त्या बांधावरून उतरल्या, दगडांवरून सावकाश ओढा ओलांडला. त्या दिवशी परतल्या त्या हसत. बनुबाईंनी म्हणे विचारलं होतं, "काय गं, कोंबडी हरवली का?" आणि आत्या म्हणाल्या होत्या, "न्हाई, तुज्याशी बोलाय आले."

पुढं तीन वर्षं, त्या जाईपर्यंत, त्या रोज गेल्या. आता पडक्या घराची ती जागा दुसऱ्यांनी घेतली, तिथं नवं घर आहे. बनुबाई कधीमधी माझ्याकडं येऊन बसतात. गुंडा शिंप्याच्या मशीनचं त्या सुरू करतात आणि पुढचं मला सांगावं लागतं. जमेल तेवढं मी सांगते.